पहिल्या ‘नको’वर ताट उचलू नये

सोमवार, ५ जानेवारी २०२६

बजेटचं बाड आज आलं. नाताळची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी ते येतं, म्हणजे वाचायला वेळ कमी मिळावा. फायनान्सच्या मंडळींना बाकी काही जमो न जमो, हे नेमकं जमतं.

वही नवी आहे, तर पहिल्या पानावर जरा नीट लिहिते. पुढेमागे श्रद्धाच्या हाती लागली तर लेकीला कळेल की आई कामावर काय करायची. ती सगळ्यांना सांगते, आई कौन्सिलमध्ये अकाउंट्स करते. मी अकाउंट्स करत नाही. अधिकाऱ्यांनी बजेट मांडायचं, निवडून आलेल्या मेंबरांनी ते तपासायचं, आणि मेंबरांना ते कळावं म्हणून मी सोप्या शब्दांत टिपण लिहायचं. टिपण दोन्ही पक्षांना एकच, एकाच वेळी. त्यात माझं मत नसतं. मी कुणाच्या बाजूची नाही. दोघांनाही सारखीच नावं ठेवते, आणि तीही ह्या वहीत.

मॅट्रिक झालेली मुलगी इंग्लंडात येऊन आधी शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोलत होती आणि रात्रशाळेत आकडे शिकत होती. तिला आज ऑक्सफर्डवाले ईमेल करून विचारतात, ‘सुप्रभा, याचा अर्थ काय?’ अर्थ पहिल्याच पानावर असतो. पण तेवढं उलटायलाही हात लागतात.

पक्षांची नावं मी इथे लिहीत नाही, बरोचं, म्हणजे आमच्या नगरपालिकेचंही लिहीत नाही. सवय म्हणा. कमिटी रूममध्ये सत्तेतले खिडकीकडे बसतात, रेडिएटरच्या उबेला. विरोधातले दाराकडे, वाऱ्याला. काही वर्षांनी जागा बदलतात आणि जागेबरोबर भाषणंही. खिडकीशी बसून ज्यांनी लायब्ररीची फिरती गाडी बंद केली, ते आज दाराशी बसून म्हाताऱ्यांसाठी रुमाल काढतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

ह्या वर्षीचा घास आहे लंच क्लबची मिनिबस. एकेकट्या म्हाताऱ्यांना घरून उचलून क्लबात नेते, जेवण झालं की परत सोडते. ती एप्रिलपासून बंद. बाडात लिहिलंय, परिणाम: ‘कमी’. कारण: ‘बहुतेक सभासदांचं बसशिवाय भागेल.’ खलास. तीन फेब्रुवारीला कमिटीपुढे, सव्वीसला पूर्ण कौन्सिलचं मतदान, आणि मे महिन्यात मेंबरांची निवडणूक.

आता एक खरं लिहिते. आमचे हे त्याच बसने मंगळवारी आणि शुक्रवारी क्लबात जातात. घरच्या माणसाचं ज्यात हित असेल ती फाइल सोडायची, वर सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे. मी विचार केला. ह्यांची गाडी आहे, चालवतात उत्तम. बसने जातात ते हरीशभाऊंशी गप्पा मारता येतात म्हणून. म्हणजे हित नाही. ह्यांनाही तसं सांगितलं. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. फाइल ठेवली. मी सोडली असती तर बसबद्दल बस काढणारे फायनान्सवालेच सांगणार, दुसरं कोणी नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

गुरुवार, ८ जानेवारी

गाडी दिवाळीपासून हललेली नाही. बॅटरी उतरलीय म्हणतात. मागच्या बाजूच्या पार्किंगमध्ये उभी असते, मी ट्रेनने जाणारी, माझं तिकडे जाणं होत नाही. आख्खी नोकरी गिअरबॉक्स जोडण्यात गेलेल्या पुरुषोत्तम नावाच्या माणसाला बॅटरी बदलायचा कंटाळा येतो. पेन्शन माणसाला आळशी करते.

आणखी एक खूळ. चहा ओतताना कपाच्या काठावरून बोट आत अडकवून ठेवतात आणि चहा बोटाला लागला की थांबतात. ‘लोकांसमोर असं करू नका,’ म्हटलं. ‘लोकांसमोर तूच ओतत जा,’ म्हणाले. बोलताना माझ्याकडे न बघता फ्रिजकडे बघतात. इतकी वर्षं झाली, मन उडालं असेल. फ्रिज तरी काय देखणा आहे.

पेपर मला वाचायला लावतात. म्हणे, तुझ्या तोंडून बातमी ऐकली की तिच्यातला खोटेपणा लगेच कळतो. हे मात्र खरं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाचे लाडू कमिटीच्या सगळ्या मेंबरांना दिले. खिडकीला आणि दाराला सारखे, आकारानेसुद्धा. माझी वरिष्ठ फियोना, कायदा शिकलेली, वयाने श्रद्धाएवढी, तिने मागे विचारलं होतं की भेटवस्तूंच्या रजिस्टरात हे नोंदवायचं का. मी म्हटलं, माझ्याकडून त्यांना जातं, त्यांच्याकडून मला काही येत नाही. गोड बोलणंसुद्धा नाही.

कौन्सिलर व्हिटलॉक हा फायनान्सचा कॅबिनेट मेंबर. खिडकीच्या सगळ्यात जवळची खुर्ची त्याची. बस त्याच्याच सहीने जाणार आहे. डबा पुढे केला.

‘नो, थँक यू. आत्ताच लंच झालं.’

‘छोटा आहे.’

‘नो, रिअली.’

तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा दोन घेतले. दरवर्षी हेच. पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे आणि पुन्हा विचारायचीही रीत आहे. पहिल्या ‘नको’वर ताट उचललं तर वाढणारी कसली. ‘यू नेव्हर टेक माय फर्स्ट नो, सुप्रभा,’ म्हणाला. आमच्यात पहिला मोजत नाहीत, मी म्हटलं. मग तीळ चघळत म्हणतो, ‘तुझ्या टिपणात “मेंबरांनी विचार करावा” असं आलं की माझ्या पोटात गोळा येतो.’ ह्याने माझं टिपण कधी वाचलं असेल तर मी बोरूने बजेट लिहीन. कुणीतरी शिकवलेली थट्टा, दुसरं काय.

दाराकडचा जयंत आमच्यातलाच, पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. काकू म्हणाला की समजावं, काम आहे.

‘काकू, बसबद्दल एक कडक शब्द टाका ना. “क्रूर” वगैरे.’

‘क्रूर हे मत झालं.’

‘मग “दुर्दैवी” टाका.’

‘तुम्ही लोक खिडकीशी बसून लायब्ररीची गाडी काढलीत, तेव्हा मी कुठला शब्द टाकला होता?’

‘कुठलाच नाही.’

‘तोच टाकीन.’

लाडू घेऊन गेला. तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं.

मंगळवार, २० जानेवारी

‘कमी’ हा शब्द कुणाच्या पोटातून आला ते आज शोधलं. कौन्सिलने एक सल्लागार नेमला होता. सूट, गळ्यात ओळखपत्र. नोव्हेंबरात तो क्लबात जाऊन आला. त्याला फोन लावला.

‘मी सगळ्यांशी एंगेज केलं,’ म्हणाला.

‘म्हणजे काय केलंत?’

‘जेवण झाल्यावर उभा राहिलो आणि म्हटलं, बस नसली तरी ज्यांचं भागेल त्यांनी प्लीज हात वर करा. जवळजवळ सगळ्यांनी केले.’

‘पुन्हा विचारलंत?’

‘गरजच नव्हती. रिझल्ट क्लिअर होता.’

‘आणि ते सगळे तिथे आले कसे होते?’

‘बसने, आय थिंक.’

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसतात. ह्याला उंटसुद्धा दिसला नाही. बस दाराशी उभी, त्यातून उतरलेली माणसं समोर, आणि हा विचारतोय बस नसली तर चालेल का. आणि ह्या चार हातांवर व्हिटलॉक सही करणार.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही होतात?’

‘होतो की. लझान्या होता, गार.’

‘हात वर केलात?’

‘केला.’

‘का?’

‘डोरीनने केला, हरीशने केला. आपणच काय खाली ठेवून बसायचं, दुबळ्यासारखं. आणि पोरगा घामाघूम झाला होता गं. सुटू दे म्हटलं बिचारा.’

‘तुमचं ठीक आहे म्हणा. तुमची गाडी आहे.’

‘हो,’ म्हणाले, ‘गाडी आहे.’ आणि पुसून ठेवलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

शुक्रवार, २३ जानेवारी

कामाचा भाग म्हणून पाहणीला जाता येतं, तर ह्यांच्याबरोबर बसने क्लबात गेले. ड्रायव्हर क्लाइव्ह खाली उतरून प्रत्येकाला कोपराला धरून चढवतो. ह्यांनाही धरलं. मी म्हटलं, ह्यांना लागत नाही. ‘मी सगळ्यांना धरतो, मॅडम,’ म्हणाला. लाडावून ठेवलंय सगळ्यांना.

डोरीन पाइक नव्वदीला टेकलेली, लिपस्टिक मात्र ठसठशीत. कोट काढायच्या आत तिला विचारलं, बस नसली तर कसं होईल.

‘आय’ल मॅनेज, लव्ह. मस्टन्ट ग्रंबल.’ कुरकुर करू नये म्हणे.

चहाचा कप देताना पुन्हा विचारलं.

‘शेजारीण सोडेल मला. गाडी आहे तिची.’

‘बरी आहे ती शेजारीण.’

‘बरी होती,’ म्हणाली. ‘उन्हाळ्यात गेली ती.’

निघताना कोट घालायला मदत केली आणि तिसऱ्यांदा विचारलं. खालचं बटण लावत म्हणाली, ‘मग घरीच बसेन. मला एक खिडकी आहे.’

हरीशभाऊ नागपूरचे, बायको गेल्यापासून एकटे. त्यांचंही तसंच. पहिल्यांदा म्हणाले, ‘अहो वहिनी, आमचं काय, उबर आहे नं.’ दुसऱ्यांदा म्हणाले, मुलगा फोनवर ते कसं बोलवायचं ते शिकवणार आहे. तिसऱ्यांदा कळलं, मुलगा दुबईला असतो, दोन वर्षांत आलेला नाही.

इंग्रजांचं आणि आपलं दुसऱ्या कशात जुळत नसेल, पण ह्यात जुळतं. ते म्हणतात मस्टन्ट ग्रंबल, आपण म्हणतो आमचं चालतंय. दोघांचाही अर्थ, पुन्हा विचार. आपल्याकडे निदान पुन्हा विचारणारी माणसं असायची. इथे सल्लागार असतो.

हे आणि हरीशभाऊ रमी खेळत होते. पत्ते कसले, बालवाडीतल्यासारखे हे एवढाले आकडे. हरीशभाऊ प्रत्येक पान नाव घेऊन टाकतात, ‘इस्पिकचा गुलाम, बरं का पुरुषोत्तम.’ जेवायच्या वेळी डोरीन ह्यांना ताटात काय कुठे आहे ते सांगते. म्हातारपण हे दुसरं बालपण म्हणतात, ते खोटं नाही.

ह्यांना वेगळं विचारलं नाही. नवराच तो. त्यांचं मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार.

रविवार, २५ जानेवारी

टिपण झालं. बसबद्दल दोनच वाक्यं: ‘सभासदांना प्रश्न एकदाच आणि सर्वांसमोर विचारला गेला. ही पद्धत पुरेशी होती का, याचा मेंबरांनी विचार करावा.’ मत नाही, रुमाल नाही. वाचणारा असेल तर पुरे. वाचणारा कुठून आणायचा, ते माझ्या कामात येत नाही.

सोमवारी, दोन तारखेला, सगळ्यांना जाईल.

शनिवार, ३१ जानेवारी

श्रद्धा नॉटिंगहॅमहून आली. तिथल्या हॉस्पिटलात फिजिओ आहे. इथेच वाढलेली, मराठी मोडकीतोडकी. दोनचार महिन्यांनी एकदा येते आणि आल्या आल्या आमचा फ्रिज तपासते. आज मागच्या बाजूने आली.

‘आई, बाबांचा गाडी कुठे गेला? जागा रिकामा आहे. मी तिथेच पार्क केलं.’

‘बॅटरीसाठी दिली असेल कुणाला.’

बाबांनी चहा ओतला, बोट अडकवून. ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘बाबा, मी कुठला रंगाचं स्वेटर घातलंय?’

‘छान आहे,’ हे म्हणाले.

‘रंग विचारला मी.’

‘तुला सगळेच रंग शोभतात.’

मी हसले. श्रद्धा हसली नाही. मला म्हणाली, ‘आई, तू विचार. माझं उत्तर देत नाहीयेत ते.’

‘अहो, गाडी कुठे आहे?’

‘नेलीय एकाने.’

‘कुणी नेलीय?’

‘अगं, आहे ओळखीचा.’

मग मला कळलं की मी दोनदा विचारलं आहे. आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर काय येतं ते मी डोरीनकडे बघून आले होते. श्रद्धाने कप बाजूला सरकवला.

‘पुरुषोत्तम,’ मी म्हटलं. नावाने हाक मी लग्नात नाव घेतलं त्यानंतर आजच मारली. ‘गाडी कुठे आहे?’

‘विकली,’ म्हणाले. ‘दिवाळीच्या आधी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, दोन्हीकडचा. क्लिनिकने सांगितलं, मी लायसन्स परत पाठवलं. सरळ बघितलं की तू दिसत नाहीस. जरा बाजूला बघितलं की दिसतेस. बरीच दिसतेस.’

म्हणून फ्रिज.

‘मला का नाही सांगितलंत?’

‘आधी लाज वाटली. आयुष्यभर गाड्या जोडल्या आणि आता बसमध्ये कुणीतरी कोपराला धरणार. म्हटलं नाताळनंतर सांगू. मग तुझं बाड आलं. तू म्हणालीस, ह्यांची गाडी आहे म्हणून फाइल ठेवली. मी सांगितलं असतं तर तुझी फाइल गेली असती आणि आमची बस.’

श्रद्धा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मी ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता.

रविवार, १ फेब्रुवारी

पाच जानेवारीच्या पानावर आंधळ्याच्या दळण्याची म्हण लिहिलीय. खोडायला गेले होते, मग राहू दिली. दळणारी मीच. सगळ्या बरोच्या आकड्यांत सुई शोधते आणि घरात हत्ती फ्रिजकडे बघतोय ते दिसत नाही. सल्लागाराला किती नावं ठेवली. त्याने एकदा तरी विचारलं. मी एकदाही नाही.

आता काय करायचं. सांगितलं तर टिपण मागे घेतील, कारण ते हितसंबंध असलेल्या हाताने लिहिलंय. दुसरं लिहायला वेळ नाही. मग कमिटीपुढे फायनान्सचं ‘कमी’ एवढंच जाणार आणि बस गेली. नाही सांगितलं तर टिपण जाईल. ते खरं आहे. मी लिहिलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, त्याहून निःपक्ष टिपण कुणी लिहिलं असेल.

ह्यांचं मत स्पष्ट. ‘मंगळवारपर्यंत मला दिसतंय असं समज,’ म्हणाले. ‘बुधवारी आंधळा होतो.’

श्रद्धा निघताना म्हणाली, ‘आई, तू सांगितला तर बाबा घरात अडकणार. नाही सांगितला तर तू अडकणार.’ लेकीचं व्याकरण धड नाही, पण सगळं बजेट तिने दोन वाक्यांत सांगितलं.

दिवसभर हो-नाही केलं. खरं लिहायचं तर मला नियमाचा राग आला, आणि मग भीती वाटली ती नियमाची नाही. उद्या खिडकीकडच्यांपैकी कुणी म्हणेल, तिच्या नवऱ्यासाठी लिहिलं. मग डोरीनची खिडकी, हरीशभाऊंचं दुबई, सगळं खोटं ठरेल. एका नवऱ्याच्या नावावर सगळ्यांचं खरं बुडेल.

सोमवार, २ फेब्रुवारी

फियोनाला सकाळीच सांगितलं.

‘हे आणखी कुणाला माहीत आहे?’ तिने विचारलं.

‘मुलीला, हरीशभाऊंना, बसच्या ड्रायव्हरला, डोरीन पाइकला. सगळ्यांना. मीच शेवटची.’

तिने टिपणातली बसची वाक्यं काढली. उद्या त्या विषयाच्या वेळी मी खोलीबाहेर. मग दार लोटून हळू आवाजात म्हणते, ‘सुप्रभा, उद्या दुपारी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. तोवर टिपण गेलं असतं.’ बाई कायदा शिकलेली. मी रात्रशाळेतली, मला ही फट दिसलीच नाही. दिसली असती तर गेले असते का त्यातून, ते लिहीत नाही.

दुपारी जयंतचा फोन. हरीशभाऊंकडून कळलं त्याला.

‘काकू, काकांचं ऐकलं. वाईट वाटलं खूप.’ आणि लगेच, ‘हे मी भाषणात घेऊ? आमच्याच ऑफिसरचे मिस्टर, वगैरे.’

‘त्यांना विचार.’

‘विचारलं. नको म्हणाले.’

‘मग?’

‘मग आपल्यात तर तिसऱ्यांदा विचारायचं असतं ना?’

‘तो आग्रह ताटात वाढताना करायचा, जयंत. माणूसच वाढून घ्यायचा असेल तेव्हा नाही.’

असल्यांना आपण मतं देतो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बसचा विषय आला तसं अध्यक्षीणबाईंनी वाचलं की ऑफिसरने हितसंबंध जाहीर केला आहे. मी कागद गोळा केले आणि बाहेर आले. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. भिंतीवर जुन्या मेयरांचे फोटो, सगळ्यांच्या गळ्यात साखळ्या. पाळीव दिसतात.

हे, हरीशभाऊ आणि डोरीन त्याच बसने प्रेक्षकांच्या गॅलरीत ऐकायला आले होते. दाराबाहेर मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं ह्यांच्या तोंडून. ह्यांचे कान अजून शाबूत आहेत.

जयंत बोलला. ह्यांचं नाव घेतलं नाही, पण ‘आपले ज्येष्ठ’ इतक्या वेळा म्हणाला की डोरीनला डुलकी लागली. मग सल्लागाराने पडद्यावर हातांचं चित्र दाखवलं. सगळं सुरळीत चाललं होतं, कमिटी मत देणार, आणि व्हिटलॉक बोलायला उभा राहिला. ह्यांनी त्याची नक्कल करून दाखवली, त्याच्याच आवाजात.

‘ह्या पानावर सुप्रभाचं टिपण का नाही? इतक्या वर्षांत तिची खुर्ची मी कधी रिकामी पाहिली नाही.’

अध्यक्षीणबाईंनी कारण पुन्हा वाचलं.

‘समजलं,’ तो म्हणाला. मग सल्लागाराकडे वळला. ‘मला सांगा, तुम्ही त्यांना किती वेळा विचारलंत?’

‘एकदा.’

‘ती बाई साध्या लाडूसाठी माझा पहिला “नो” धरत नाही. आणि मी माणसांची बस त्यांच्या पहिल्या “नो”वर काढणार?’

मग म्हणाला, हा विषय मागे घेतो, बस चालू राहील, प्रत्येक सभासदाला घरी जाऊन एकेकट्याला विचारा, आणि एकदा नाही. दाराकडचे विरोध करायला उठले होते, पण कशाला विरोध करायचा ते ठरेना, म्हणून बसले.

‘ऐकलंस ना,’ हे म्हणाले. ‘तुझ्यामुळे झालं.’

‘मे महिन्यामुळे झालं,’ मी म्हटलं. ‘निवडणूक आली की खिडकीकडच्यांनाही म्हातारी माणसं दिसतात. तो माणूस एक ओळ वाचत नाही.’

हे बरंच हसले. मग फ्रिजकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले, ‘मला मधलं काही दिसत नव्हतं गं. व्हिटलॉक नाही, पडदा नाही. पण तुझी खुर्ची टेबलाच्या कडेला असते. ती स्पष्ट दिसली. रिकामी.’

गुरुवार, २६ फेब्रुवारी

बजेट मंजूर. आज दारातून दोन पत्रकं आत पडली. एकात लिहिलंय, आम्ही बस वाचवली. दुसऱ्यातही तेच लिहिलंय. फोटोही त्याच बसचा, फक्त एकात खिडकीकडचे हसतायत आणि दुसऱ्यात दाराकडचे. क्लाइव्ह दोन्हींत नाही. निवडणूक झाली की कात्री पुन्हा येईल, हे मला ठाऊक आहे आणि कात्रीलाही. पण ह्या वेळी ती प्रत्येकाच्या घरी जाऊन येईल.

व्हिटलॉक लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, ‘फाइल परत कधी घेतेस?’ ती मला आता मिळणार नाही, मी सांगितलं. ‘व्हॉट अ पिटी,’ म्हणाला. ‘तुझ्याशिवाय ते पान वाचताना मला कळतच नव्हतं कुठे घाबरायचं.’ ह्याला अजूनही थट्टा सुचते.

संध्याकाळी ह्यांनी चहा केला. बोट अडकवून, अगदी काठापर्यंत. मी बशी पुढे केली. उद्या क्लिनिकची तारीख आहे, ते मागच्या महिन्यात एकटेच जाऊन आले होते, दोन ट्रेन बदलून, कसे ते देव जाणे.

‘मी येऊ का बरोबर?’ विचारलं.

‘नको गं. तुझं काम असेल.’

‘सुट्टी घेतलीय. येऊ का?’

‘नको म्हटलं ना. हरीश येतो म्हणालाय.’

हरीशभाऊंना मोतीबिंदू आहे. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या बाजूला ठेवली, जिथून मी दिसते तिथे, आणि पुन्हा विचारलं.

कप खाली ठेवून म्हणाले, ‘सव्वानऊला निघावं लागेल.’